आपल्या जिभेला कुठली स्कॉच? धूर, पिंप आणि भट्टी

मांडवीकाठ

स्कॉच कुठली घेऊ असं कोणी विचारलं की खाली नुसती नावं पडतात, ब्लॅक लेबल घे, ग्लेनफिडिक घे, बजेट असेल तर मॅकॅलन घे. तुला आवडतं काय हे मात्र कोणीच विचारत नाही. आपल्या गोव्यात दुकानात शिरलं की समोर भिंतभर बाटल्या, त्यात शेजारच्या राज्यांपेक्षा भाव बरा, मग माणूस किंमत आणि लेबलवरचं वय बघून उचलतो, घरी उघडतो, दोन पेग होतात आणि बाटली पाहुण्यांसाठी कपाटात जाते. म्हणून हा वेगळा धागा काढतोय. माझं म्हणणं एवढंच की वय, किंमत, कुठल्या भागातली हे सगळं नंतर बघा, आधी तीन गोष्टी बघा: धूर किती, पिंप कुठलं, आणि भट्टीतून निघालेला माल मुळात हलका की जड.

धूर म्हणजे पीट. मोड आणलेले बार्लीचे दाणे वाळवताना खाली पीट जाळतात, म्हणजे दलदलीत हजारो वर्षं साचून दबलेलं शेवाळ-गवत, त्या धुरातली फिनॉल्स, म्हणजे धुराचा वास देणारी द्रव्यं, ओल्या दाण्याला चिकटतात आणि पुढे सगळ्या प्रक्रियेतून जाऊनही थोडी उरतात. ते पीपीएममध्ये, म्हणजे दहा लाखांत किती भाग असं, मोजतात. स्कॉटलंडच्या आयला बेटावरच्या कारखान्यांचं बघा, बोमोर साधारण २५, लागावुलिन आणि काओल इला ३५ च्या आसपास, लाफ्रॉइग ४० ते ४५, आर्डबेग ५० च्या वर. पण हा आकडा माल्टचा, म्हणजे त्या वाळवलेल्या दाण्यांचा, ग्लासातल्या व्हिस्कीचा नव्हे. डिस्टिल करताना बराच भाग मागे राहतो आणि पिंपात वर्षं जातील तसा धूर आणखी मवाळ होतो, म्हणून लागावुलिन १६ ही आर्डबेग १० पेक्षा खूप शांत लागते. आणि गंमत म्हणजे लागावुलिन आणि काओल इला दोघांचा माल्ट पोर्ट एलनच्या एकाच कारखान्यातून येतो, तरी एक जाड, गोडसर धुराची आणि दुसरी हलकी, लिंबाच्या सालीसारखी स्वच्छ. फरक पडतो तो भट्टीच्या आकाराने आणि ती चालवण्याच्या पद्धतीने.

पिंपाचं म्हणाल तर बहुतेक स्कॉच अमेरिकन बर्बन व्हिस्कीच्या वापरलेल्या पिंपांत मुरते, त्यातून व्हॅनिला, मध, ओल्या खोबऱ्याची गोडी येते. शेरी या स्पॅनिश वाइनचं पिंप असेल तर मनुका, सुकं अंजीर, लवंग, कधी कडसर चॉकलेट. रंग बघून ठरवू नका, कायद्याने साधा कॅरमेल रंग घालायला परवानगी आहे आणि खूप जण घालतात.

तिसरी गोष्ट भट्टी, तिच्याबद्दल कोणी बोलतच नाही. ग्लेनमोरांजीच्या तांब्याच्या भट्ट्या पाच मीटरहून उंच आहेत, स्कॉटलंडमधल्या सगळ्यात उंच, त्यामुळे जड वाफ वर पोचायच्या आधीच परत खाली पडते आणि हलका, फुलांच्या वासाचा माल निघतो. मॅकॅलनच्या भट्ट्या बुटक्या, तिथे तेलकट, जाड माल निघतो आणि तो शेरीच्या पिंपाला टक्कर देऊ शकतो. हलका माल जड शेरीच्या पिंपात फार वेळ ठेवला तर नुसतं लाकूड लागतं.

तुम्हाला काय आवडतं ते लिहा, जमेल तसं सांगतो, बाकीच्यांनीही भर घाला.

डिचोलीकर

मस्त धागा बाब. पण भाग बघून घेणं सोपं नाही का? आम्ही आजवर असंच ऐकलंय की स्पेसाइड म्हणजे फळं आणि गोड, आयला म्हणजे धूर, लोलँड म्हणजे हलकी. दुकानात उभं राहून भट्टीची उंची कोण आठवणार?

मांडवीकाठ

सुरुवातीला ठीक आहे, पण त्यावरच विसंबलं की फसगत होते. आयला बेटावरच बुनाहाव्हन आहे, तिचा नेहमीचा माल बिनधुराचा. ब्रुकलाडीही बिनधुराची, आणि तिथल्याच कारखान्यात ऑक्टोमोर निघते, ती जगातल्या सगळ्यात धुरकट व्हिस्कींपैकी एक, म्हणजे एका छपराखाली दोन टोकं. उलट स्पेसाइडमधली बेनरियाक धुराचीही व्हिस्की काढते. आणि हायलँड हा एवढा मोठा पट्टा आहे की त्यात ग्लेनमोरांजीही येते आणि धुराची आर्डमोरही येते. टॅलिस्कर, हायलँड पार्क यांना लोक आयलँड्स म्हणतात पण कायद्याच्या यादीत तो वेगळा भाग नाहीच, तिथे पाचच नावं आहेत: हायलँड, स्पेसाइड, लोलँड, आयला आणि कॅम्पबेलटाउन. भागाचं नाव कारखाना कुठे आहे ते सांगतं, बाटलीत काय आहे ते लेबलवरचे बाकीचे शब्द सांगतात. पीटेड म्हणजे धुराची, कास्क म्हणजे पिंप, तर शेरी कास्क, बर्बन कास्क, डबल कास्क, हे वाचायची सवय लावा.

सत्तरीची_सई

मला उराक, म्हणजे काजूची पहिली धार, आवडतो, फेणीही आवडते, चांगल्या भट्टीची असेल तर. व्हिस्की मात्र जमत नाही. नवऱ्याची ब्लॅक लेबल दोनदा चाखली, मागून धूर येतो तो मला नको वाटतो, आणि बाकीच्या स्वस्त व्हिस्की नुसत्या गोड लागतात, वासच नाही काही. माझ्यासारखीसाठी आहे का काही, की सोडून देऊ?

मांडवीकाठ

सई बाय, अजिबात सोडू नका, तुमची जीभ तर फार स्पष्ट सांगतेय. ब्लॅक लेबलमधला धूर तुम्ही बरोबर पकडलात, त्यात काओल इलासारखे बेटांवरचे माल्ट असतात. तुम्हाला फळाचा वास हवा आणि धूर नको. काजूच्या बोंडांचा रस आंबतो तेव्हा जे फळांचे वास तयार होतात, तेच काम बार्लीच्या वॉशमध्ये, म्हणजे आंबवायच्या पाण्यात, यीस्ट करतं, आणि जिथे आंबवणं जास्त वेळ चालतं तिथे फळं जास्त येतात. माल्ट व्हिस्कीही बहुतेक ठिकाणी फेणीसारखीच दोनदा काढतात, पहिल्या वाफेला निघतं त्याला ते लो वाइन्स म्हणतात, म्हणजे आपल्या उराकाच्या जागी, फक्त ते कोणी पीत नाही, सगळं दुसऱ्या भट्टीत जातं.

तर तुम्ही ग्लेनफिडिक १२ किंवा ग्लेनलिव्हेट १२ पासून सुरू करा. ग्लेनफिडिकमध्ये पेअरचा वास सरळ येतो, ग्लेनलिव्हेटमध्ये अननस आणि फुलं. ग्लेनमोरांजी ओरिजिनल त्याहून मऊ, संत्र्याची साल आणि व्हॅनिला. ऑखेनटोशन तीनदा डिस्टिल करतात म्हणून ती अगदी हलकी, पण फेणी पिणाऱ्याला ती कदाचित फिकी वाटेल, म्हणून तिला मी चौथ्या नंबरवर ठेवीन. एकदम बाटली घेऊ नका. मोठ्या दुकानांत मिनिएचर मिळतात ५० मिलीच्या, नाहीतर पणजीत बऱ्यापैकी बारमध्ये दोघींनी मिळून दोन वेगळे तीस-तीस मागवा आणि शेजारी शेजारी ठेवून प्या. एकट्या व्हिस्कीबद्दल मत होत नाही, दोन समोर असल्या की फरक लगेच कळतो.

काउंटरपलीकडून

बरीच वर्षं दारूच्या दुकानात काम केलंय म्हणून गिऱ्हाइकांचा नेहमीचा गोंधळ लिहितो. टीचर्स, १०० पायपर्स, ब्लॅक अँड व्हाइट, व्हॅट ६९, ब्लॅक डॉग या बाटल्यांतला माल स्कॉचच असतो, तिकडे मुरतो, पण मोठ्या टाक्यांतून कडक अवस्थेत इकडे येतो आणि भारतात पाणी घालून ४२.८ टक्क्यांवर बाटलीत भरतात. म्हणून ती स्वस्त. लोक म्हणतात ही खरी स्कॉच नाही, ते चूक आहे. ब्लेंडेड स्कॉच, म्हणजे माल्ट आणि इतर धान्यांची ग्रेन व्हिस्की मिसळलेली, असं बाहेर भरायला परवानगी आहे. सिंगल माल्ट स्कॉचला, म्हणजे एकाच कारखान्यातल्या निव्वळ माल्टच्या स्कॉचला, मात्र नाही, २०१२ पासून सिंगल माल्ट स्कॉटलंडमध्येच बाटलीबंद करावी लागते. त्यामुळे कोणी तुम्हाला इकडे भरलेली सिंगल माल्ट स्कॉच म्हणून काही देत असेल तर घेऊ नका.

आणि बजेट कमी असेल तरी चव निवडता येते हे मी प्रत्येक गिऱ्हाइकाला सांगायचो. टीचर्समध्ये आर्डमोरचा माल्ट असतो त्यामुळे त्यात थोडा धूर आहे. ब्लॅक अँड व्हाइट मऊ, गोडसर. क्वार्टर घेऊन बघा आधी, आपल्याला धूर झेपतो की नाही हे टीचर्सच्या क्वार्टरवर कळतं, त्यासाठी आर्डबेगची अख्खी बाटली फोडायची गरज नाही.

डिचोलीकर

ही क्वार्टरची आयडिया आवडली. मग वयाचं काय? माझा मित्र म्हणतो १२ च्या खाली बघायचंच नाही आणि १८ म्हणजे १२ पेक्षा चांगलीच असणार, पैसे उगाच घेतात का.

मांडवीकाठ

पैसे घेतात कारण तेवढी वर्षं गोडाऊन अडून राहतं आणि पिंपातून दरवर्षी माल उडून जातो, स्कॉटलंडमध्ये साधारण दोन टक्के. लेबलवरचं वय म्हणजे त्या बाटलीतल्या सगळ्यात तरुण व्हिस्कीचं वय, त्यात थोडी जुनीही असू शकते. कायद्याने किमान तीन वर्षं ओकच्या पिंपात, ७०० लिटरपेक्षा मोठं पिंप नको, आणि बाटलीत ४० टक्क्यांच्या खाली नको, ही मुख्य बंधनं. पुढची वर्षं चव बदलतात, नेहमी सुधारतात असं नाही. धूर आवडणाऱ्याला तर तरुण व्हिस्कीच जास्त देते. टॅलिस्कर १० घ्या, ४५.८ टक्के, मिठाचा वारा आणि शेवटी काळी मिरी. हा झणका जास्त वयाच्या टॅलिस्करमध्ये मवाळ होत जातो, आणि ज्याला तो झणकाच हवा त्याने त्यासाठी जास्त पैसे का मोजावेत?

वयाचं गणित किती जागेवर अवलंबून आहे ते बघायचं तर आपलं कुंकळ्ळी बघा. तिथे पॉल जॉन बनते, ती स्कॉच नाही, भारतीय सिंगल माल्ट, पण गोव्याच्या उकाड्यात पिंपातून वर्षाला आठ टक्क्यांच्या आसपास उडतं म्हणतात. इथे अठरा वर्षं ठेवलं तर पिंपात उरणार काय! म्हणून इथली व्हिस्की थोड्याच वर्षांत मुरते आणि तरी भरलेली लागते. आपल्या दाराशी ही सोय आहे तर तिचा उपयोग करा, ब्रिलियन्स बिनधुराची, एडिटेडमध्ये थोडा धूर, बोल्डमध्ये भरपूर, तिन्ही एकाच कारखान्याच्या. त्या शेजारी ठेवून चाखल्या की फक्त धुराबद्दल आपलं मत काय ते पक्कं होतं, मग स्कॉचच्या फळीसमोर जा.

तारवटी_मडगाव

मी बोटीवर असतो, वर्षातले बरेच महिने बाहेर. लाफ्रॉइग माझी आवडती, पहिल्यांदा हुंगली तेव्हा टिंक्चर आयोडीनची बाटली उघडल्यासारखी वाटली आणि आता तिच्याशिवाय जमत नाही. एक सांगतो, ड्यूटी फ्रीमध्ये लिटरची बाटली बघून हुरळू नका. तिथे बऱ्याच बाटल्या फक्त एअरपोर्टसाठी काढलेल्या असतात, वयाचा आकडाच नसतो, नाव मात्र भारी. त्या सगळ्या वाईट नसतात पण आपण जी चाखलीय तीच ही आहे असं समजून घेऊ नका. दोन लिटरचीच मुभा असते तर ती ओळखीच्या मालावर वापरा, ज्याचा गोव्यातला आणि तिथला भाव तुम्हाला माहीत आहे.

दुसरं, बाहेर थंड देशात पिताना आणि घरी मे महिन्यात पिताना तीच व्हिस्की वेगळी लागते. घरी नाकात नुसता स्पिरिटचा झटका येतो. मी आता सरळ एक बर्फ टाकतो. जाणकार लोक नाक मुरडतात.

मांडवीकाठ

मुरडू देत. रूम टेम्परेचरला प्या असं पुस्तकात लिहिलेलं असतं ते तिकडच्या खोलीचं, अठरा-वीस डिग्रीचं. आपल्याकडे एप्रिल-मेत संध्याकाळी तीस डिग्रीला अल्कोहोल आधी उडून नाकात बसतं आणि खालचा वास मिळतच नाही. मी ग्लास आणि प्यायचं पाणी थोडा वेळ फ्रिजमध्ये ठेवतो, व्हिस्की बाहेरच. थंडगार केली तर उलटं होतं, वासच बंद होतात. बर्फ टाकायचाच तर एक मोठा खडा, चुरा नको. ४६ टक्क्यांच्या खालची बाटली पाणी-बर्फाने सहसा गढूळ होत नाही कारण ती थंड करून गाळलेली असते, ४६ किंवा त्यावरची न गाळलेली असली तर किंचित गढूळ दिसते, तो दोष नाही.

पाणी थेंबाथेंबाने घाला आणि दर वेळी हुंगा. ग्लेनफार्कलास १०५ सारखी ६० टक्क्यांची असेल तर पाणी लागतंच, न घालता जीभ बधिर होते. हुंगताना तोंड किंचित उघडं ठेवा, नाक ग्लासात खुपसू नका. ग्लास तोंडाशी निमुळता हवा, खास आणायची गरज नाही, आपल्याकडे घराघरांत पोर्ट वाइनचे छोटे ग्लास असतात ते उत्तम.

सोडा वाईट आहे असं मी म्हणणार नाही, पण सोड्यात ब्लेंडेड घाला. सिंगल माल्टचे बारीक वास ज्यासाठी पैसे दिले ते बुडबुड्यांत जातात. जेवणाआधी गारेगार लांब ग्लास हवा असेल तर ब्लॅक लेबल आणि सोडा झकास लागतं, धूर सोड्यातूनही वर येतो. मंकी शोल्डरही चालते, ती ब्लेंडेड माल्ट आहे, म्हणजे वेगवेगळ्या माल्टची मिसळ, ग्रेन व्हिस्की नाही, म्हणून सोड्यातही अंग राहतं.

फोंड्याचा_जावई

माझा प्रश्न वेगळाय. सासऱ्यांची पंच्याहत्तरी आहे. ते रोज जेवणानंतर थोडीशी पोर्ट घेतात, व्हिस्की क्वचित, ती पण कोणी दिली तर. त्यांना धूर वगैरे अजिबात नको असणार. चांगली बाटली द्यायचीय, दिखाव्याची नको, त्यांनी खरंच प्यावी अशी.

मांडवीकाठ

तुम्ही अर्धं उत्तर स्वतःच दिलंय. पोर्टच्या पिंपात शेवटचा काळ ठेवलेल्या व्हिस्की असतात. ग्लेनमोरांजी क्विंटा रुबान बघा, आधी बर्बनच्या पिंपात आणि मग पोर्टच्या, लालसर झाक, गडद चॉकलेट, पुदिना, संत्रं. पोर्ट पिणाऱ्याला ओळखीची खूण सापडते. बाल्व्हेनी पोर्टवुड २१ त्याहून फार नाजूक आहे, पण भाव तसाच. पोर्टची मिळाली नाही तर शेरीकडे जा, ग्लेनड्रोनाक १२ मनुका-अंजिरांनी भरलेली, धूर नाही. जेवणानंतर बेबिंकाच्या तुकड्याबरोबर ती जी लागते, मला दुसरं काही सुचत नाही त्या तोडीचं. सासऱ्यांना सोबत पाण्याची छोटी सुरई द्या आणि पहिला घोट तुम्ही शेजारी बसून घ्या, एवढंच.

काउंटरपलीकडून

जावईबाब, महाराष्ट्रात नेणार असाल तर परवाना आधी काढा, चेकपोस्टला बाटली गेली तर पैसे आणि पंच्याहत्तरी दोन्ही जातात. फोंड्यातच द्यायची असेल तर प्रश्न नाही.

सत्तरीची_सई

बहिणीला घेऊन गेले, बारवाल्याने ग्लेनफिडिक आणि ग्लेनमोरांजी दोन्ही दिल्या. गाडी भाऊजींनी चालवली. ग्लेनफिडिकमधला फळाचा वास मला हवा होता तसाच निघाला, पण तिखट सुंगटांबरोबर (कोळंबी) ती हरवली. ग्लेनमोरांजी जेवणाआधी नुसतीच जास्त आवडली. बहिणीला मात्र काहीतरी जाड हवं असं ती म्हणते, दोन्ही तिला पाण्यासारख्या वाटल्या. देव बरें करूं बाब, आता तिच्यासाठी काय?

मांडवीकाठ

किती छान लिहिलंत! तिखट-आंबट रेशाद मसाल्याबरोबर हलकी माल्ट कधीच टिकत नाही, तो तिचा दोष नाही. बहिणीला जाड म्हणजे गोड-जाड हवी की धुराची ते विचारा. गोड-जाड हवी असेल तर बाल्व्हेनी डबलवुड १२, बर्बनच्या पिंपातून शेरीच्या पिंपात, मधाळ, कुठेच टोचत नाही, आणि तीही कमी वाटली तर अबेरलाव आबुना, पण ती पिंपातून थेट भरलेली असते, साठ टक्क्यांच्या आसपास, पाणी घालूनच. मांसल, रस्स्यासारखी जाडी हवी असेल तर मॉर्टलाक. धूर चालत असेल तर जेवणाशी तीच उत्तम जमते. सुक्या बांगड्याची किसमूर आणि काओल इला एकदा तरी घ्या. चोरीसही चालतो पण त्याला टॅलिस्कर बरी, मिरीला मिरी भेटते. धूर आणि फळ दोन्ही थोडं थोडं हवं असेल तर जॉनी वॉकर ग्रीन लेबल, १५ वर्षांची, सगळी माल्टच, त्यात टॅलिस्कर आणि काओल इलाबरोबर लिंकवुड, क्रॅगनमोरही असतात. धुराकडे जायला तिच्यासारखी पायरी नाही.

तारवटी_मडगाव

शेवटचा एक प्रश्न माझा. मी सहा महिने बाहेर असतो, उघडलेली बाटली घरी राहते. मागच्या वेळी आलो तर लाफ्रॉइगचा धूर निम्म्यावर आलेला, आणि पावसाळ्यात बुचावर बुरशी.

मांडवीकाठ

बाटली उभीच ठेवायची, वाइनसारखी आडवी नाही, कडक दारू लागून बूच खराब होतं आणि तुटतं. बुरशी बाहेरून असेल तर कपड्याने पुसून घ्या, वरून पॅराफिन फिल्म किंवा नुसती प्लास्टिकची पट्टी घट्ट गुंडाळली तरी ओल आत जात नाही. कपाट भिंतीला लागून नको, खिडकीचं ऊन तर अजिबात नको. धूर कमी झाला तो बाटलीतल्या हवेमुळे. अर्ध्याच्या खाली गेलेली बाटली सहा महिने ठेवायचीच असेल तर जायच्या आधी छोट्या काचेच्या बाटलीत काठोकाठ भरा, धुवून पूर्ण वाळवलेली दोनशे मिलीची रिकामी बाटली चालते, झाकण फिरकीचं बघा. धुराच्या व्हिस्कीला हे आधी करा, शेरीवाली थोडी जास्त तग धरते. आणि एका वेळी एकच धुराची बाटली उघडी ठेवा, दुसरी सील तोडायच्या आधी पहिली संपवायला मित्रांना बोलवा.